तुझ्या नावावर खपवलेली ब्रँच

आत्या, तुझ्या पिंडाला परवा कावळा शिवला, पण बराच वेळ लावून. गोदाकाठच्या घाटावरचे कावळे तुला माहीत आहेत. रोज दहा घरचं जेवलेले, त्यांना कसली आलीय घाई. पण त्या सकाळी असा विचार करायला कोणी तयार नव्हतं. पिंड ठेवून आम्ही सगळे मागे सरलो, हात जोडले, आणि जो तो एकाच कोड्यात पडला, की आक्काचा जीव अडकलाय तरी कशात.

"फुलांचं वावर इकणार नाय, आक्का," पप्पा म्हणाले. कावळा ढिम्म. काकू म्हणाली, "गाईला आम्ही बघू, तुम्ही काळजी करू नका." कावळ्याने तोंड फिरवलं. मग फुलबाजारातली तुझी ती मैत्रीण, तुझ्या शेजारी शेवंती घेऊन बसायची ती, पुढे आली आणि म्हणाली, "आरं मिश्रीची डबी ठेवा तिथं. तिचा जीव त्यातच आसंल." दोनचार बायका पदर तोंडाला लावून हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या, कारण त्या मिश्रीनेच तुझा गाल खाल्ला हे त्यांनाही ठाऊक होतं. घरी जाऊन त्या पुन्हा मिश्रीच लावणार, हेही त्यांना ठाऊक होतं.

गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले. तेवढ्यात पप्पांनी माझा दंड धरला, मला पुढे ओढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आक्का, ही कॅन्सरचीच डॉक्टर व्हईल. तुझ्यासारख्यांना बरं करील. शब्द देतो तुला."

आणि कावळा उतरला. चोच मारली, भात उडवला आणि गेला.

मग काय विचारतेस. आई हुंदके द्यायला लागली, काकूने मला मिठीत घेतलं. आपल्याकडे दहाव्याला माईक असतोच, आणि माईक दिसला की श्रद्धांजली वाहणारेही असतातच. सोसायटीच्या चेअरमननी तो हातात घेऊन सांगून टाकलं, की आक्कांची अंतिम इच्छा त्यांची भाची पूर्ण करणार आहे, कॅन्सर रुग्णांसाठी ती आयुष्य वाहून घेणार आहे. टाळ्या वाजवायची जागा नव्हती म्हणून लोकांनी नुसत्या माना हलवल्या. मी मान खाली घालून उभी होते. सगळ्यांना वाटलं, रडतेय.

आत्या, मला लाज वाटत होती. कॅन्सरची ती ब्रँच मला आधीपासूनच हवी होती, आणि तीही तुझ्यासाठी म्हणून नाही. शिवाय तू तर तिला उघड उघड नाही म्हणत होतीस. हे घाटावर फक्त मला माहीत होतं आणि तुला.

तुझा गाल पहिल्यांदा मीच बॅटरी लावून पाहिला होता. एमबीबीएस झालं होतं, इंटर्नशिप संपली होती, आणि मी पीजीच्या परीक्षेचा अभ्यास करत घरी बसले होते. "दाढंला काय तरी टोचतंय बघ, डॉक्टरीणबाई," म्हणत तू आ केलास आणि मला पुस्तकातला फोटो दिसला. मी बॅटरी बंद केली. तू माझं तोंड बघून म्हणालीस, "एवढं वाईट हाय व्हय?" आणि वर मलाच पाणी आणून दिलंस. तुला दवाखान्यात नेण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात रिकामी मीच होते. ऑपरेशन होण्यासारखं नाही, किरणं द्यावी लागतील असं ठरलं. सगळे त्याला शेक म्हणायचे. तूही शेकच म्हणायचीस. म्हसरूळहून शहरातल्या दवाखान्यापर्यंत स्कूटीवर मागे बसून तू रोज शेक घ्यायला यायचीस, आणि सिग्नलला थांबलो की शेजारच्या गाडीवरच्या माणसाला सांगायचीस, "माझी भाची हाय, डॉक्टर हाय."

पहिल्या दिवशी तुझा मुखवटा केला. गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची पांढरी जाळी तुझ्या चेहऱ्यावर दाबून धरली, ती तुझ्या नाकाडोळ्यांच्या आकारात कडक झाली. मग रोज तोच मुखवटा घालून तुला टेबलाला जखडायचे, म्हणजे मान तसूभरही हलायला नको. नंतर सगळे बाहेर यायचे आणि ते जाड दार बंद व्हायचं. बाहेर आल्यावर तू गालावर जाळीच्या खुणा घेऊन विचारायचीस, "असलं कसलं गं तुमचं औषध? देणाऱ्यालाच नको?"

मी तुला समजावलं. तुला फायद्यासाठी मोजून मापून देतात, आणि तिथे काम करणाऱ्यांना रोज उगाचच मिळालं तर त्यांना अपाय होईल. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "दिंडोरीकडं द्राक्षाला फवारतात तो गडीबी तोंडाला फडकं बांधतो. पण बागंतच उभा राहतो ना. पळून नाय जात." मी म्हटलं, "आत्या, तो पळत नाही म्हणूनच आजारी पडतो." तू म्हणालीस, "ते बी खरं हाय. पण एकटीला लय भ्या वाटतं आत." तुझं ते दुसरं वाक्य मी ऐकलं नाही असं नाही. पण पहिल्या वाक्यात मी जिंकले होते आणि मला तेवढ्यावर समाधान होतं.

खरी लाजेची गोष्ट आता सांगते, म्हणजे तुला काय सांगायची, तुला ती माहीतच आहे. तू आत असायचीस तेव्हा मी बाहेर बसून तिथल्या रेसिडेंट डॉक्टरला छळायचे. ही ब्रँच कशी आहे, पुढे काय करता येतं, मशीन मोठ्या शहरांतच असतं तर गावाकडे परत येता येईल का, पेशंट गेले की कसं वाटतं. तो भला माणूस होता, कामात असूनही उत्तरं द्यायचा. एकदा त्याने मला तुझं प्लॅनिंग दाखवलं. स्क्रीनवर तुझ्या जबड्याचे एकामागून एक काप दिसत होते आणि तो माऊसने गाठीभोवती रेघ ओढत होता. इथे मारायचं, इथे लाळेची ग्रंथी आहे ती वाचवायची, इथे मणक्यातली नस, तिला तर हातही लावायचा नाही. आत्या, मला इतकी मजा आली. इंटर्नशिपमध्ये एकदाही अशी मजा आली नव्हती. प्रसूतीच्या वॉर्डात मी नुसती धावायचे आणि ओरडा खायचे. इथे शांत बसून, विचार करून, मिलिमीटरचा हिशोब मांडून कोणाला तरी वाचवता येत होतं. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की हा जबडा तुझा आहे. मी विसरलेच होते.

आणि मग तो दिवस. तू आत होतीस, मशीन चालू व्हायचं होतं, आणि रेसिडेंटने विचारलं, "मग काय ठरलं, घेणार का आमची ब्रँच?" मी हसून म्हटलं, "घेणारच. इथे पेशंट मरतात, पण रात्री उठवत नाहीत." तो हसला, मशीन चालवणारा टेक्निशियनही हसला. आणि हसता हसताच टेक्निशियनचं तोंड एकदम पडलं, कारण तुला 'हलू नका' सांगायला त्याने आतल्या स्पीकरचं बटण चालू केलं होतं ते बंद केलेलं नव्हतं. आमच्यासमोरच्या टीव्हीवर तू दिसत होतीस. मुखवट्यात, टेबलाला जखडलेली. हलली नाहीस. हलू नका म्हणून सांगितलं होतं ना तुला.

येताना स्कूटीवर तू गप्प होतीस. मी मनात शंभर वाक्यं जुळवली आणि एकही बोलले नाही. ऐकू गेलं नसेल अशी स्वतःची समजूत घातली. असे दोनतीन दिवस गेले. मग एका संध्याकाळी मी पुस्तकावर पेंगत होते तर तू दारातून म्हणालीस, "झोपा, झोपा डॉक्टरीणबाई. आत्तापासूनच सवय असू द्या. तिकडं रात्रीचं उठवत नाय म्हणं." आणि हसलीस. तोंडात फोड आले होते, हसताना तुला दुखत होतं, तरी हसलीस.

मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. मी म्हटलं, "आत्या, तो विनोद होता." तू म्हणालीस, "मग मी काय रडले का?" आणि गाईला पाणी पाजायला निघून गेलीस. माफीचे शब्द माझ्या जिभेवर कितीतरी वेळा आले. पण तू त्याचा रोजचा विनोद करून टाकलास, आणि विनोदाच्या मध्ये माफी कशी मागायची हे मला जमलं नाही. आजही असं वाटतं, की तू मुद्दाम तसं केलंस. मला माफी मागायची वेळच येऊ नये म्हणून, की मला ती मागताच येऊ नये म्हणून, ते मात्र कळत नाही.

त्यानंतर आपला वाद सुरू झाला तो शेवटपर्यंत संपला नाही. पप्पांना मी बाळंतपणाची डॉक्टर व्हायला हवी होते. दिंडोरी रोडच्या कडेला आपलं मॅटर्निटी होम, वर निळा बोर्ड, त्यावर माझं नाव. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हापासून तो बोर्ड त्यांच्या डोळ्यांपुढे लटकतोय. तुझंही मत तेच. "बाळंतपणं कर. लोक पेढं घिऊन येतील. हितं कोण पेढं आणतंय?" मी म्हणायचे, इथेही पेशंट बरे होतात, सगळे काही मरत नाहीत. "मी काय म्हणते सगळे मरत्यात म्हणून? तू म्हणतीस," असं तू म्हणालीस की मी पुस्तक मिटायचे. मग मी चिडून म्हणायचे, "तुला माझ्यातलं काय कळतं?" तू म्हणायचीस, "काय नाय. पण रोज मुखवटा लावून लावून माणसांची तोंडं वळखता येत नाय तुम्हाला, एवढं कळतं." जबडा तुझा आहे हे मी विसरले होते, ते तुला कसं कळलं होतं कोण जाणे.

किरणं संपली, फोड भरले, तू पुन्हा बाजारात जाऊन बसलीस. चव गेली होती, ठेचा खाता येत नव्हता, म्हणून तू दुसऱ्यांना खायला करून घालायचीस आणि त्यांच्या तोंडाकडे बघायचीस. आम्हाला वाटलं, जिंकलो. मग गळ्यात पुन्हा गाठ आली. आता फक्त दुखणं कमी करायचं, असं डॉक्टरांनी बाहेर मला बाजूला घेऊन सांगितलं, आणि आत येऊन मी तुला सांगितलं की औषध बदललंय. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "बरं." एवढंच. ज्या बाईने माझ्या प्रत्येक वाक्याला उत्तर दिलं तिने याला नुसतं बरं म्हटलं.

परवापासून घरात येईल तो माझ्या डोक्यावर हात ठेवतोय. चुलतभावाने तुझा फोटो लावून स्टेटस ठेवलं, 'आत्याचं स्वप्न, ताईचा ध्यास'. त्याखाली हात जोडलेली चित्रं. शेजारच्या बाईंनी आपल्या मुलीला माझ्यासमोर उभं केलं आणि म्हणाल्या, "बघ, अशी माया पाहिजे." मी कालपर्यंत एकालाही सांगितलं नव्हतं, की ही माया नाही. ही रात्रीची झोप आहे, स्क्रीनवर रेघ ओढण्याची मजा आहे, आणि माझा रँक जेवढा आहे त्यात हे मिळतंय हेही आहे. तू असतीस तर माईकवरच्या पहिल्याच वाक्याला फटकन बोलली असतीस. तू नाहीस म्हणून तुझ्या नावावर सगळं खपत होतं, आणि मी खपू देत होते.

काल दुपारी मात्र राहवेना. ॲडमिशनसाठी ऑनलाइन पसंती भरायची मुदत संपत आली होती आणि तुझं नाव घेऊन ते बटण दाबायला माझा हात धजेना. पप्पा झेंडूच्या वावरात होते. दसऱ्याचा माल अजून तयार नाही, पण तू गेल्यापासून ते घरात थांबतच नाहीत. मी बांधावर उभी राहिले आणि एका दमात बोलून टाकलं.

"पप्पा, आत्याला ही ब्रँच नको होती. माझ्याशी वर्षभर भांडली ती त्यावरून. आणि मी तिच्यासाठी घेत नाहीये, मला ते काम आवडतं म्हणून घेतेय. तिथे रात्री उठवत नाहीत म्हणून घेतेय."

पप्पांनी खुडलेली सुकी फुलं बाजूला टाकली. "बरं मग?"

"मग घाटावर तुम्ही खोटं बोललात."

त्यांनी आणखी दोन फुलं खुडली. मग म्हणाले, "आक्काला काय पायजे व्हतं, तुला ठाऊक हाय?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मलाबी नाय. सख्खी बहीण. नवरा वारला तशी माघारी आली, तवापासून एका चुलीवर जेवलो. वावराचं बोललो, तर वावराची काळजी मला. गाईचं तुझी काकू बोलली, तर गाय तिची. जो तो आपलंच सांगत व्हता. तिचं कुणाला ठाऊकच नव्हतं. मग म्हणलं, तिच्या जिवातलं सापडत न्हाय तर आपल्या जिवातलं कायतरी काढून द्यावं. मला तुझा दवाखाना बघायचा व्हता. तो दिऊन टाकला."

मी त्यांच्या हातातली पाटी घेतली आणि दोघं ओळीने सुकी फुलं खुडत राहिलो.

आज सकाळी मी पसंती भरली. पहिल्या क्रमांकावर रेडिएशन ऑन्कोलॉजी. मग घरात सगळ्यांना सांगितलं, की आत्यासाठी नाही, माझ्यासाठी. काकूचा चेहरा उतरला. चुलतभावाने स्टेटस काढलं नाही, म्हणाला, राहू दे ना ताई, छान वाटतंय. पप्पा फक्त म्हणाले, "मन लावून कर." त्यांच्याकडे बघवत नव्हतं. पण त्यांचा कालचा प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला तो उतरत नाही. तू आजारी पडल्यापासून आपण दोघी केवढं बोललो, केवढं भांडलो. सगळं माझ्याबद्दल. माझा अभ्यास, माझी ब्रँच, माझे पेढे. मरायला टेकलेली तू होतीस आणि विषय मी होते.

आणि मग मला पीजीच्या निकालाचा दिवस आठवला. तू मागच्या खोलीत कॉटवर होतीस, आवाज बसला होता. पुढे माणसं जमली होती, मी आत येऊन तुझ्या कानाशी रँक सांगितला. तू माझ्या गालावरून हात फिरवलास, मला खाली ओढलंस आणि म्हणालीस, "ऐक, मला ना..." तेवढ्यात माझा फोन वाजला. मैत्रिणीचा होता, कुठल्या कॉलेजला काय मिळेल ते सांगायला. "आले हं आत्या," म्हणून मी बाहेर गेले, आणि आले तेव्हा तुला झोप लागली होती. उठल्यावर मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. विसरले. त्यानंतरही तू बरेच दिवस होतीस, आणि मी रोज तुझ्या उशाशी बसून तुला कॉलेजांची नावं वाचून दाखवत होते.

आत्या, तुला काय हवं होतं गं?